आईची होडी, सहा दहाची

प्रश्न भांडुपच्या एका आईचा आहे, तो थोडक्यात देते. मुलगी सातवीत. सहामाहीच्या आठवड्यात गणिताची वही चाळताना मागच्या पानांवर आईला एक वेळापत्रक सापडलं. मुलीने मनातली एक मुंबई रचली आहे. तिथे रोज संध्याकाळी समुद्र परळपर्यंत येतो, लोकल बंद होतात आणि माणसं होडीने घरी जातात. होड्यांच्या वेळा, थांबे, नावाड्यांची नावं, सगळं लिहिलेलं. वडिलांनी ते बघितलं आणि म्हणाले, "असल्या कल्पनांनी पोट भरत नाही." आई विचारते: ताई, तुम्ही इतकी वर्षं मुलांबरोबर नाटकाचं काम करता, खरं काय ते सांगा. नोकरी करायची, घराचा हप्ता भरायचा, असं जगणाऱ्या आमच्यासारख्यांच्या आयुष्यात कल्पनाशक्तीचा उपयोग काय? तिला हे करू द्यावं की थांबवावं?

करू द्या. आधी एवढं सांगून टाकते. का, ते आता सविस्तर सांगते, कारण तुमचा प्रश्न नुसता मुलीबद्दलचा नाही, तुमच्याबद्दलचाही आहे.

मी तीसहून जास्त वर्षं लालबाग, परळ, दादर भागात मुलांची नाट्यशिबिरं घेते आहे. मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत, कधी शाळेच्या वर्गात, कधी मंडळाच्या हॉलमध्ये. पुढे ज्येष्ठ नागरिकांच्या गटांबरोबरही काम केलं. या शिबिरांतून गेलेली अगदी मोजकी मुलं नट झाली. बाकीची बँकेत आहेत, इस्पितळात आहेत, कुणी कुरिअर कंपनीत, कुणाचं स्वतःचं दुकान. त्यांच्यावर घेतलेली मेहनत वाया गेली असं मला एकदाही वाटलेलं नाही.

कल्पनाशक्ती म्हटलं की आपल्याला पऱ्या आणि उडते घोडे आठवतात. माझ्या कामात तिचा अर्थ साधा आहे: समोर नसलेलं दिसणं. दहा बाय बाराच्या खोलीत चार पाहुणे आले तर कोण कुठे झोपेल हे मनात मांडून बघणं. सासूबाई आज अशा का बोलल्या असतील, याचा त्यांच्या जागी उभं राहून विचार करणं. उरलेल्या भातात उद्याचा नाश्ता दिसणं. आणि मनात दिसलेलं हाताने, आवाजाने, शब्दाने बाहेर आणणं म्हणजे सर्जनशीलता. हे रोज घरोघर चालतं. आपण त्याला नाव देत नाही, एवढंच.

एका शिबिरातला प्रसंग सांगते. वस्तू बदलण्याचा खेळ आम्ही रोज सकाळी घेतो. मधोमध ओढणी ठेवायची. एकेकाने यायचं आणि ती ओढणी नसून दुसरंच काही आहे असं वापरून दाखवायचं. बोलायचं नाही, बाकीच्यांनी ओळखायचं. पहिल्या फेरीत काय येणार ते मला पाठ आहे: साप, दोरी, फेटा, झोळीतलं बाळ, नदी. दर वर्षी हेच येतं. त्यात वाईट काही नाही, पण ते मुलांचं स्वतःचं नसतं, कुठूनतरी बघितलेलं असतं. मी फेऱ्या चालूच ठेवते. तिसऱ्या फेरीला मुलं म्हणतात, "बाई, आता काही उरलं नाही." नवीन शिक्षक इथेच खेळ थांबवतात. मी थांबवत नाही. उसनं संपल्यावरच आतलं यायला लागतं, हे मी शेकडो वेळा बघितलंय.

त्या वर्षी अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा होता. पाच दिवस त्याने तोंड उघडलं नव्हतं. सहाव्या दिवशी चौथ्या फेरीत तो उठला. त्याने ओढणी जमिनीवर पसरली, चारी कडा तळहाताने सरळ केल्या. एका कोपऱ्यात बसून हवेतल्या हवेत पोळी लाटली, तव्यावर टाकली, उलटली. उठून दुसऱ्या कोपऱ्यात गेला, पाय पोटाशी घेऊन आडवा झाला आणि कोपर डोळ्यांवर ठेवलं, रात्रपाळी करून आलेला माणूस उजेड लागू नये म्हणून ठेवतो तसं. मग परत उठला. आता तिथे कुणी झोपलंय आणि त्याला पाय लागता कामा नये, अशा बेताने अंग चोरत ओढणीच्या बाहेर गेला. बाहेर म्हणजे अगदी कडेला चिकटून बसला आणि मांडीवर पुस्तक उघडलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "घर." त्याने मान हलवली, पण तो थांबला नाही. ओढणीची एक कड दुमडली, मग दुसरी, मग आणखी एक. ती हातरुमालाएवढी झाल्यावर त्यावर एका पायाने उभा राहिला आणि म्हणाला, "पाहुणे आले."

सहा दिवसांतले त्याचे पहिले दोन शब्द. हॉलभर हसू फुटलं, तोही हसला. तिथली निम्मी मुलं तशाच खोल्यांतून आली होती, त्यांना ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. घर लहान असल्याची तक्रार त्यात नव्हती. रोज ज्याच्या आत तो अंग चोरून वावरत होता, ते त्याने बाहेर काढून सगळ्यांच्या मधोमध ठेवलं होतं आणि त्याचा मालक झाल्यासारखा तो त्यावर उभा होता. त्या दिवसानंतर तो बोलू लागला. फार नाही, पण लागेल तेवढं.

आता तुमच्या मुलीच्या वहीकडे येते. तुम्ही लिहिलंय की वेळापत्रकात एका होडीपुढे "आईची" असं लिहिलेलं आहे आणि वेळ सहा दहाची आहे. बऱ्याच खाली, वेगळ्याच संदर्भात तुम्ही लिहिलंय की फोर्टहून सुटून घरी पोचायला तुम्हाला साडेआठ होतात. ही दोन वाक्यं तुम्ही शेजारी ठेवून वाचली नसावीत, म्हणून मी ठेवते आहे. तुम्हाला अपराधी वाटावं यासाठी मुळीच नाही. मुलगी "लवकर ये" असा हट्ट करत नाही. गाडी तुमच्या हातात नाही हे तिला समजतं. म्हणून तिने गाडीच बदलली. बारा वर्षांची मुलगी आपल्या मनातलं एवढं नीट सांभाळते, कुणाला दुखावत नाही, रुसत नाही आणि तरी ते सांगते, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आपल्या आज्या-पणज्या हेच करत होत्या. जात्यावर बसलेल्या बाईला सासरी तोंड उघडायची सोय नव्हती. पहाटेच्या अंधारात तिने जात्यालाच देव केलं, मायबाप केलं, दूरच्या भावाला ओवीतून बोलावून समोर बसवलं, विठ्ठलाला जाब विचारला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या बहुतेक जणींना अक्षरओळख नव्हती आणि त्यांतल्या कुणी स्वतःला कवयित्री म्हणवून घेतलं नाही. त्यांना दळण संपवायचं होतं आणि दिवस काढायचा होता. त्यासाठी त्यांना ओवी लागली. तुम्ही विचारता ना, आमच्यासारख्यांना काय उपयोग? आपल्यासारख्यांनीच तर कल्पनाशक्ती सगळ्यात जास्त वापरली आहे.

मुलीच्या वडिलांचं वाक्य मी हलकं घेत नाही. ते माझ्या घरातही बोललं गेलेलं आहे.

माझे वडील गिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणतात त्या खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले. मी तेरा वर्षांची होते. आईने पोळीभाजीचे डबे सुरू केले. वडील सकाळी सवयीने पाचला जागे व्हायचे आणि कुठे जायचं ते न कळून गॅलरीत बसायचे. असे सात महिने गेले. भाद्रपद आला तेव्हा चाळीच्या मंडळाने ठरवलं की वर्गणी कुणाकडे मागायची, यंदा देखावा नको, मूर्ती आणि आरती पुरे.

त्या रात्री वडील खाली उतरले ते कापडाचे तागे गुंडाळतात ती पुठ्ठ्याची नळकांडी घेऊन वर आले. बिघडलेल्या टेबलफॅनची मोटर त्यांनी शेजाऱ्याकडून मागून आणली. पुढचे आठ दिवस त्यांनी जिन्याखालच्या जागेत पुठ्ठ्याची गिरणी उभी केली. खिडक्यांना पिवळा जिलेटिन कागद, आत बल्ब आणि मधोमध चिमणी. पिंजलेल्या कापसाचे पुंजके दोऱ्याच्या वेटोळ्याला बांधून ते वेटोळं मोटरवर फिरवायचं, म्हणजे चिमणीतून धूर सारखा वर जाताना दिसेल, अशी त्यांची योजना होती. ती तीन दिवस फसली. चिमणीच्या तोंडाशी कापूस अडकायचा आणि दोरा तुटायचा. शेवटी त्यांनी तोंडाच्या आतल्या बाजूने मेणबत्ती घासली, घासून घासून पुठ्ठा गुळगुळीत केला आणि पुंजके सुटे वर यायला लागले. भोंग्यासाठी मला रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकायला पडद्यामागे बसवलं. रंगमंचामागचं माझं पहिलं काम ते.

पहिल्या संध्याकाळी आरतीला माणसं जमली आणि देखाव्यापुढे गप्प उभी राहिली. रस्त्यापलीकडची खरी चिमणी थंड होती आणि आमच्या जिन्याखालची धूर सोडत होती. मी बाटली फुंकली तेव्हा वडिलांच्याच खात्यातले एक काका, हात जोडायला पुढे आलेले, तसेच वळून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्या देखाव्याने गिरणी सुरू झाली नाही. पोट भरलं का? त्या वर्षी नाही. बल्ब आणि मेणबत्त्यासुद्धा उधारीवर आणल्या होत्या. पण त्या आठ दिवसांत वडील पाचला उठून पाळीला निघाल्यासारखे खाली उतरायचे, आणि गणपती गेल्यावरही उठत राहिले. पुढच्या वर्षी शेजारच्या दोन मंडळांनी त्यांना बोलावलं. मोटरशी खेळता खेळता ते रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटरची तार नव्याने गुंडाळणं, शिकले, आणि जिन्याखालच्या त्याच जागेत पंखे दुरुस्त करून त्यांनी पुढे अठरा वर्षं घर चालवलं.

हे सांगताना एक गोष्ट मला लपवायची नाही. त्याच चाळीत वडिलांहून हुशार, हातात जास्त कसब असलेली माणसं खचली आणि उठली नाहीत. ज्याची रोजीरोटी गेली आहे त्याला "जरा कल्पक हो" असं सांगणं क्रूरपणाचं आहे. असं सांगणारी माणसं मला भेटतात आणि मला त्यांचा राग येतो. कल्पनाशक्ती कामाची हमी देत नाही. ती फक्त आज आहे त्याहून वेगळं काही असू शकतं, एवढं दाखवते. पुढचं सगळं हातांना करावं लागतं, आणि नशिबाची साथही लागते.

मुंबईने याचं मोठं उदाहरण बघितलेलं आहे. दादर पूर्वेला ज्यांच्या नावाचा रस्ता आहे त्या दादासाहेब फाळक्यांनी १९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघितला आणि पडद्यावर त्यांना राम-कृष्ण दिसू लागले. हे दिसणं खरं, पण ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना ते दिसत नव्हतं. १९१२ मध्ये लंडनला जाऊन फाळके तंत्र शिकून आले, कॅमेरा मागवला आणि कुंडीत वाटाणा पेरला. जवळजवळ महिनाभर ते त्या रोपाचं रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. मिनिटभराच्या फितीत बी फुटून वेल सरसर वर चढताना दिसला आणि मग पैसे उभे राहिले. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये "राजा हरिश्चंद्र" लागला. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांच्या नाजूक हातांत त्यांना तारामती दिसली.

शिबिरात मी हे सांगते तेव्हा मुलांना सिनेमाचं कौतुक वाटतं. मला त्या महिन्याचं वाटतं. रोज उठून एकाच कुंडीसमोर उभं राहायचं, कालच्यापेक्षा आज काय बदललं ते बघायचं. कल्पक माणूस हवेत असतो ही समजूत त्या कुंडीपाशी टिकत नाही.

म्हणून लोक जेव्हा म्हणतात की मुलांची कल्पनाशक्ती अफाट असते आणि मोठं होता होता ती मरते, तेव्हा मला ते पूर्ण पटत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी १९३० मध्ये उलट मांडलं: कल्पना अनुभवाच्या विटांनीच बांधली जाते, आणि मुलाकडे विटा कमी असतात, म्हणून त्याची कल्पनाशक्ती मोठ्या माणसापेक्षा गरीब असते. मूल फक्त आपल्या कल्पनेवर विश्वास जास्त ठेवतं आणि तिला आवर कमी घालतं. आपल्याकडे संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने हजारेक वर्षांपूर्वी काव्याची कारणं सांगितली तेव्हा जन्मजात शक्तीच्या शेजारी दोन गोष्टी ठेवल्या होत्या: लोकव्यवहार, शास्त्रं, काव्य बघून-वाचून येणारी निपुणता आणि जाणकारांकडून शिकून केलेला अभ्यास. दोघांच्या मध्ये एवढी शतकं आणि एवढं अंतर, आणि बोलतात जवळपास एकच.

२००७ मध्ये लंडनच्या संशोधकांनी यावर आणखी प्रकाश टाकला. मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग दोन्ही बाजूंनी खराब झाल्यामुळे ज्यांची आठवण ठेवण्याची ताकद गेली होती, अशा काही रुग्णांना त्यांनी सांगितलं, समजा तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर पहुडला आहात, काय दिसतंय ते सांगा. बहुतेकांना ते जमेना. कुठे निळं आकाश, कुठे एखादा आवाज, असे तुकडे यायचे, पण पूर्ण जागा डोळ्यांपुढे उभी राहायची नाही. ज्याच्या जोरावर आपण काल आठवतो, त्याच्याच जोरावर न घडलेलं रचतो. ज्येष्ठांच्या गटात मी याचा अनुभव घेते. "काल्पनिक गोष्ट सांगा" म्हटलं की आजी गप्प बसतात. "तुमच्या माहेरच्या अंगणात आज सकाळी कोण आलं असेल?" विचारलं की थांबत नाहीत.

तुमच्या मुलीचा समुद्रही असाच आलेला आहे. परळजवळ हिंदमाताला पाणी भरलं, गाड्या बंद पडल्या, आई अडकली, हे दर पावसाळ्यात तिने ऐकलंय. त्याच पाण्यावर तिने होडी सोडली.

या सगळ्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपण म्हणतो ते उगाच नाही. काळजी हेही कल्पनेचंच काम आहे. आई साडेआठला आली नाही की कल्पक मूल दहा मिनिटांत अपघातापर्यंत पोचतं. अशा मुलाला "काहीतरीच विचार करू नकोस" म्हणून उपयोग होत नाही, कारण चित्र तोवर तयार झालेलं असतं. मी गोष्ट पुढे न्यायला लावते. परीक्षेत नापास झालीस. बरं, मग? घरी आलीस, दार कुणी उघडलं? रात्री जेवायला काय होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी किती वाजता उठलीस? भीतीची गोष्ट नेहमी सर्वांत वाईट क्षणाला थांबलेली असते. तिला पुढच्या सकाळपर्यंत चालवत नेलं की तिचा जोर ओसरतो. मात्र मूल खरं आणि मनातलं यांत गल्लत करू लागलं, झोप-जेवण तुटलं, माणसं टाळू लागलं, तर नाटकवालीला विचारू नका, डॉक्टरांकडे जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांकही त्यासाठीच आहे. तुमच्या पत्रातून मला तसं काही दिसलं नाही. वेळापत्रक नीट रकाने आखून लिहिणारी मुलगी जमिनीवर घट्ट उभी आहे.

आता काय करायचं? क्रिएटिव्हिटीच्या क्लासला लगेच घालू नका. वही बघितल्याबद्दल तिला विचारा, ती तिची आहे. "वा, किती छान" म्हणून विषय मिटवू नका. कौतुकाने दार बंद होतं. त्यापेक्षा खरा प्रश्न विचारा: पावसाळ्यात वल्ही कोण मारतं? तिकीट कुठे काढायचं? पास आहे का? लेडीज होडी वेगळी आहे का? प्रत्येक प्रश्नाला तिला त्या मुंबईत परत जाऊन बघून यावं लागेल. आणि "काहीही काढ, काहीही लिही" असं कधी म्हणू नका. मोकळं मैदान दिलं की मुलं बावरतात. "फक्त तीन रेषांत आजोबा काढ" म्हटलं की डोकं चालायला लागतं. माझ्या वडिलांकडे पैसे असते तर त्यांनी थर्माकोलचा महाल आणला असता.

तुम्ही विचारलंय की आता मोबाईलला सांगितलं तर तोही अशी गोष्ट लिहून देतो, मग मुलांनी कशाला शिणायचं. देतो खरा, आणि बऱ्याचदा भाषाही चांगली असते. पण तयार गोष्ट ही या कामातली सगळ्यात कमी महत्त्वाची चीज आहे. त्या मुलाची ओढणी खेळ संपल्यावर मी घडी करून पिशवीत ठेवली, काही उरलं नाही. जे झालं ते त्या मुलात झालं. सहा दहाची होडी कोणतंही यंत्र लिहून देईल, पण मग ती तुमच्या मुलीने पाठवलेली नसेल.

मुलीच्या वडिलांना माझं एवढंच सांगणं आहे की वही गणिताची आहे, तर तिचं गणितही बघा. आणि तिलाही सांगा की तिची मुंबई पूर्ण काल्पनिक नाही. ही सात बेटं होती आणि परळ त्यांतलं एक. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरायचं आणि मधली सखल जमीन बुडायची. १७८४ च्या सुमारास तिथे बांध पूर्ण झाला, तेव्हा ते थांबलं. पायधुणी हे नाव पाणी ओलांडून येणारी माणसं तिथे पाय धुवायची यावरून पडलं, असं सांगतात. उमरखाडी नावात तर खाडीच आहे. हे ऐकल्यावर तिचे डोळे कसे होतील ते मला इथून दिसतंय.

मग तिला सांगा की वेळापत्रकात एक अडचण आहे. होड्या भरतीवर चालणार असतील तर रोज एकच वेळ चालणार नाही, कारण भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. त्याचा कोळ्यांचा हिशेब आहे. अमावास्येला आणि पौर्णिमेला मुंबईत भरती बाराच्या सुमारास असते. पुढे तिथीची पाऊणपट करायची, तेवढे तास बारानंतर मोजायचे. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या आसपास. दशमीला साडेसात. अंदाज आहे, पण कामाला येतो. कॅलेंडर समोर ठेवा आणि दोघांनी, म्हणजे तिने आणि तिच्या बाबांनी, महिन्याभराचं खरं वेळापत्रक करावं. अपूर्णांक, रकाने, तपासणी, सगळं त्यात येईल. आईची होडी कोणत्या तिथीला येऊ शकते तेही तिलाच काढू द्या.

उत्तर तुम्हाला सांगून ठेवते. सहाला भरती हवी तर तिथी आठ हवी. अष्टमी, महिन्यातून दोनदा. आणि खाडीत आतपर्यंत पाणी चढायला जरा उशीर लागतो, म्हणजे तिची सहा दहा ही वेळ फारशी चुकलेली नाही.

तुमच्याकडेही काही मागायचं होतं, ते हे. भांडुप पूर्वेला पंपिंग स्टेशनच्या बाजूने खाडीकडे रस्ता जातो, हिवाळ्यात लोक तिथे पक्षी बघायला येतात. येत्या अष्टमीला जमवा. साडेचारला ऑफिसमधून निघावं लागेल, हे सोपं नाही हे मला माहीत आहे. बाबा तिला घेऊन पुढे जातील. तिच्याकडे वही-पेन असू दे. काठावरच्या एखाद्या दगडावर नजर ठेवायची आणि दर पाच मिनिटांनी पाणी कुठवर आलं ते तिने लिहायचं. सहा दहाला तुम्ही तिथे असा.